सेकंडहँड परफॉर्मन्स क्लच बसवला आणि तक्रार परत आली: घसरणे, न सुटणे, थरथर

इंजिन रीमॅप झालेले असते (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), कंपनीचा मूळ क्लच घसरू लागलेला असतो आणि नवा परफॉर्मन्स सेट खिशाला परवडत नाही. मग कुणाच्या तरी प्रोजेक्ट कारमधून उतरवलेला ‘स्टेज २’ नाहीतर ‘स्टेज ३’ सेट घेतला जातो. महिनाभर गाडी बरी चालते. पुढे चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएम चढतो, वेग मात्र चढत नाही. कधी पहिल्याच दिवशी रिव्हर्स करकरतो. गिअरबॉक्स उतरतो, दुसरी जुनी प्लेट बसते आणि तक्रार पुन्हा तीच.

या फेऱ्यामागे बहुतेक वेळा मापे असतात. लाइनिंगची प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, इंजिनाच्या क्रँकला जोडलेले फ्लायव्हील आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग एकमेकांसोबत झिजलेली असतात. त्यांतले दोन भाग वेगळ्या गाडीत गेले की जाडी आणि उंचीचा हिशेब बिघडतो. म्हणून दुसरा सेट शोधण्याआधी हातातल्या सेटची मापे घ्या.

‘स्टेज’ या शब्दाला कोणतेही सामाईक प्रमाण नाही, हे आधी डोक्यात पक्के करा. एका कंपनीची स्टेज २ म्हणजे नेहमीचे ऑरगॅनिक लाइनिंग आणि कडक प्रेशर प्लेट, तर दुसरीची स्टेज २ म्हणजे सहा पॅडची सिरॅमिक प्लेट. सांगितलेला टॉर्क नव्या, नीट बसलेल्या सेटचा असतो. जुन्या सेटसाठी तो आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो.

घसरतो: आधी गिअरबॉक्स न उतरवता

मोकळा सरळ रस्ता, इंजिन गरम, चौथा गिअर, २,००० आरपीएम आणि पूर्ण थ्रॉटल. ओबीडीवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर) आरपीएम आणि वेग दोन्ही नोंदवा आणि आरपीएमला वेगाने भागा. हलक्या पायाने १०० किमी वेगाला ३,००० आरपीएम असेल तर भागाकार ३० येतो. गिअर तोच असेपर्यंत तो ३० राहिला पाहिजे. पूर्ण थ्रॉटलला तो ३२ झाला तर क्लच सुमारे ६ टक्के घसरतोय. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर चाके जागेवर फिरली तरी हा भागाकार बदलत नाही, त्यामुळे दोष क्लचचाच. हँडब्रेक ओढून क्लच सोडायची जुनी चाचणी पुन्हा पुन्हा करू नका. उरलेसुरले लाइनिंग त्यातच जळते.

आता पेडल बघा. पेडलच्या वरच्या टोकाला पुशरॉडची (पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या दांड्याची) किंचित मोकळी हालचाल हवी. टोयोटाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये ती १ ते ५ मिमी आणि पेडलचा एकूण फ्री प्ले ५ ते १५ मिमी दिलेला असतो. परफॉर्मन्स क्लच ‘खालीच पकडतो’ म्हणून पुशरॉड लांब केला की मास्टर सिलिंडरमधले (पेडलजवळच्या, तेल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरमधले) परतीचे छिद्र उघडतच नाही. तेल गरम होऊन फुगते, दाब अडकून पडतो आणि रिलीज बेअरिंग फिंगर (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची मधली बोटे) दाबूनच ठेवते. याची खूण अशी: गाडी थंड असताना ठीक, वीस मिनिटे ट्रॅफिकमध्ये चालली की घसरते. घसरत असतानाच गिअरबॉक्सजवळच्या, बेअरिंग हलवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) सैल करा. तेल जोरात उडाले आणि घसरणे थांबले, तर दोष पेडलच्या बाजूला आहे. या एका चाचणीने गिअरबॉक्स उतरवण्याची कितीतरी बिले वाचतात.

पेडल ठीक निघाले तर मात्र खाली उतरावे लागेल.

क्लच किती टॉर्क धरेल याचा हिशेब सोपा आहे: घर्षणाच्या दोन बाजू, गुणिले घर्षणांक, गुणिले दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. २२८ मिमी बाहेरचा आणि १५० मिमी आतला व्यास असलेल्या प्लेटची सरासरी त्रिज्या ९४.५ मिमी. घर्षणांक ०.३ आणि दाब ६,००० न्यूटन धरला तर सुमारे ३४० न्यूटन-मीटर. त्याच प्लेटवर क्रँकच्या मागच्या सीलचे किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट सीलचे तेल आले आणि घर्षणांक ०.२ वर उतरला, तर उरतात सुमारे २२७. म्हणजे १०० हून अधिक न्यूटन-मीटर नुसत्या तेलाने खाल्ले. सील न बदलता दुसरी प्लेट बसवणाऱ्याकडे तक्रार परत येते ती यामुळे. तेल प्यालेले ऑरगॅनिक लाइनिंग पेट्रोलने धुऊन सुधारत नाही. वरून कोरडे दिसते, गरम झाले की तेल पुन्हा बाहेर येते.

दाबाचा भाग जरा गुंतागुंतीचा आहे. डायफ्राम स्प्रिंगचा, म्हणजे प्रेशर प्लेटच्या कव्हरमधल्या गोल स्प्रिंगचा, दाब सरळ रेषेत घटत नाही. लाइनिंग झिजू लागते तसा तो आधी थोडा वाढतो, एका टप्प्याला शिखर गाठतो आणि त्यानंतर भराभर पडतो. अर्धी झिजलेली प्लेट, त्यात ‘साफ करून’ अर्धा मिमी ग्राइंड केलेली प्रेशर प्लेट आणि त्यात फक्त घर्षणाचा भाग खरडलेले फ्लायव्हील. तिन्ही गोष्टी स्प्रिंगला एकाच दिशेने ढिली करतात. प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर ‘चालेल’ वाटतो, एकत्र आल्यावर स्प्रिंग शिखराच्या पलीकडे गेलेली असते.

फ्लायव्हीलबद्दल म्हणूनच कडक राहा. प्रेशर प्लेटचे कव्हर जिथे बोल्टने बसते ती कड आणि घर्षणाचा पृष्ठभाग यांच्या पातळीत काही फ्लायव्हीलवर पायरी असते. लेथवाल्याने घर्षणाच्या भागातून ०.५ मिमी काढला तर कडेतूनही ०.५ मिमीच काढायला हवा. पायरीचे मूळ माप मॅन्युअलमध्ये असते, कामाआधी आणि नंतर डेप्थ गेजने ते तपासा. ड्युअल मास फ्लायव्हील (आत स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे) लेथवर चढवूच नका.

सेल्फ अ‍ॅडजस्टिंग क्लच, म्हणजे लुक (LuK) कंपनीचा एसएसी प्रकार, सेकंडहँड बाजारात सर्वांत जास्त फसवतो. कव्हरमध्ये छोट्या स्प्रिंगांवर फिरणारी एक रिंग असते. लाइनिंग झिजते तशी ती पुढे सरकते. खास टूल न लावता बोल्ट सोडले की रिंग उडी मारून पुढच्या जागी जाते. तसाच सेट जाड प्लेटवर बसवला तर तो नीट धरतही नाही आणि नीट सुटतही नाही. बसवण्याआधी डायफ्राम दाबून, रिंग मागे फिरवून, तिथेच रोखून ठेवावी लागते. विक्रेत्याने तो कसा उतरवला हे त्याला सांगता येत नसेल, तर पैसे देताना रिंग बिघडलेली आहे असेच धरून चला.

सुटत नाही: रिव्हर्स करकरतो, गिअर पडत नाही

गाडी उभी, इंजिन आयडलवर, पेडल तळापर्यंत. मनात दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. तरीही करकर आली तर प्लेट अजून फिरते आहे. लगेच टाकल्यावर आली आणि थांबल्यावर गेली, तर ती नुसती गिअरबॉक्समधली गती होती, क्लच ठीक आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर अलगद पडत असतील तर लिंकेजही निर्दोष.

पुढे स्लेव्ह सिलिंडरच्या रॉडची हालचाल पट्टीने मोजा. हिशेब असा: मास्टरचा व्यास १५.८७ मिमी असेल तर क्षेत्रफळ सुमारे १९८ चौरस मिमी. पिस्टन ३० मिमी सरकला तर साधारण ५,९०० घन मिमी तेल पुढे जाते. स्लेव्ह २०.६४ मिमीचा, म्हणजे सुमारे ३३५ चौरस मिमी, असेल तर रॉड १७.७ मिमी हलायला हवा. पट्टीवर १४ मिमी दिसले तर सुमारे ३.७ मिमी कुठेतरी हरवले. या स्लेव्हवर ३.७ मिमी म्हणजे जेमतेम १.२ मिलिलिटर तेल. तेवढे जुन्या रबरी होजच्या फुगण्यात किंवा हवेच्या बुडबुड्यात सहज जाते. कडक प्रेशर प्लेट घातल्यावरच ही तक्रार का सुरू होते, त्याचे उत्तर इथे आहे. पूर्वी होज तेवढा फुगत नव्हता. स्टील वेष्टनाचा होज, ताजे डॉट ४ तेल आणि नीट ब्लीडिंग, एवढ्यात काम होते. पेडल दाबताना दुसऱ्याला फायरवॉलकडे बघायला सांगा. मास्टरसकट पत्रा हलत असेल तर हरवलेली हालचाल तिथे आहे.

स्लेव्ह पूर्ण हलतो आणि तरी क्लच सुटत नाही, तर गिअरबॉक्स उतरवून या क्रमाने बघा.

प्लेट उलटी आहे का? डॅम्पर स्प्रिंगांचा फुगीर भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे असतो. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासते. ट्विन प्लेटमध्ये (दोन प्लेटांच्या क्लचमध्ये) दोन्ही प्लेटांची जागा आणि दिशा ठरलेली असते. खुणा पुसल्या असतील तर विक्रेत्याकडून उतरवतानाचे फोटो मागा.

प्लेट वाकली आहे का? गिअरबॉक्स बसवताना तो इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिला की हब वाकते. डायल गेजवर कडेला ०.८ मिमीपेक्षा जास्त डगमग आली तर प्लेट बाद.

इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब दातांवर) प्लेट बोटाने सरकते का? गंज असेल तर साफ करा आणि ग्रीस अगदी पुसट लावा. जास्तीचे ग्रीस फिरता फिरता लाइनिंगवर उडते. शाफ्टचे टोक क्रँकमध्ये धरणारे पायलट बेअरिंग अडकलेले असेल तर क्लच पूर्ण उघडूनही शाफ्ट फिरत राहतो. ते बेअरिंग स्वस्त आहे, गिअरबॉक्स खाली असताना बदलून टाका.

फिंगरची उंची बघा. लाइनिंग १ मिमी झिजले की पुश प्रकारात (बेअरिंग फिंगर इंजिनकडे ढकलते त्या) फिंगरची टोके बेअरिंगकडे साधारण तीन-चार मिमी येतात. नवी जाड प्लेट घातली की टोके तेवढीच आत जातात, आणि बेअरिंग जुन्या जागेवरच असते. फ्लायव्हील ग्राइंड केले की सगळा सेटच इंजिनकडे सरकतो. बेअरिंग स्लेव्हच्या आत असलेल्या, म्हणजे कॉन्सेंट्रिक प्रकारच्या गाडीत ही फट क्लच बनवणाऱ्याने दिलेल्या मापात बसवावी लागते. बाहेरच्या स्लेव्हच्या गाडीत उंच पिव्हट बॉल किंवा शिम लागतो.

हालचाल कमी पडते म्हणून मोठा मास्टर बसवायचा मोह होतो. तो आवरा. डायफ्राम ठरलेल्या मर्यादेपलीकडे दाबला की स्प्रिंग कायमची ढिली होते आणि कव्हरच्या पातळ पट्ट्या वाकतात. ट्विन प्लेट रेसिंग क्लचला म्हणूनच पेडलखाली स्टॉपर बसवतात. सेकंडहँड ट्विन प्लेटसोबत स्टॉपर आला नसेल तर तो आधीच्या गाडीत होता की नाही, हे विचारून घ्या.

थरथर आणि आवाज

स्प्रिंग नसलेल्या हबवर तीन-चार पॅडची सिरॅमिक प्लेट असेल तर शहरात ती थरथरणारच. घाटात उभ्या गाडीला पुढे काढताना तर जास्तच. हा तिचा स्वभाव आहे, दुरुस्त करायला काही नसते. ऑरगॅनिक प्लेट थरथरली तर मात्र इंजिन माउंट, तेल आणि फ्लायव्हील या क्रमाने तपासा.

फ्लायव्हीलवर निळे डाग म्हणजे तिथे साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान झाले होते. नुसता निळसर रंग निघून जातो. काळपट, काचेसारखे कडक ठिपके हे वेगळे दुखणे. तिथले ओतीव लोखंड कडक झालेले असते. लेथचे टूल त्यांच्यावरून घसरते, आजूबाजूचे मऊ लोखंड कापले जाते आणि ठिपके उंचवटे होऊन राहतात. अशा फ्लायव्हीलला सरफेस ग्राइंडर हवा. डाग खोल असतील तर फ्लायव्हीलच बदलावे. बसवल्यावर डायल गेजवर डगमग ०.१ मिमीच्या आत असायला हवी.

वापरलेली ऑरगॅनिक प्लेट दुसऱ्या फ्लायव्हीलवर गेली की ती पुन्हा रुळवावी लागते. ८०० किमी शहरात, पूर्ण थ्रॉटल न देता. ‘प्लेट आधीच रुळलेली आहे’ म्हणत पहिल्या दिवशी लाँच मारला (उभी गाडी पूर्ण जोराने सोडली) तर लाइनिंगवर चकाकी चढते, आणि तीन आठवड्यांनी परत घसरण्यावर गाडी येते.

आवाजाबद्दल थोडक्यात: ट्विन प्लेट पेडल दाबल्यावर खडखडते, ते चालते. पेडल दाबल्यावर कर्र असा सलग आवाज म्हणजे रिलीज बेअरिंग. ड्युअल मासऐवजी सिंगल मास फ्लायव्हील घालून त्यावर स्प्रिंग नसलेली प्लेट बसवली तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खुळखुळतो. डॅम्परचे काम ड्युअल मास फ्लायव्हील करत होते, आता ते करायला कुणी उरलेले नाही.

घेण्याआधी काय जुळवायचे

एकाच मॉडेलचे नाव पुरत नाही. निसान स्कायलाइन आर३२ जीटी-आर सुरुवातीला पुश प्रकारच्या क्लचवर होती, १९९३ च्या फेब्रुवारीपासून पुल (फिंगर ओढणारा) प्रकार आला. कव्हर, बेअरिंग, काटा, सगळे वेगळे. फोक्सवॅगन गटात पाच गिअरचा ०२जे गिअरबॉक्स बाहेरच्या स्लेव्हवर चालतो, सहा गिअरच्या ०२एममध्ये स्लेव्ह आत असतो आणि क्लच २४० मिमीचा. भारतात विकली गेलेली पहिली ऑक्टेव्हिया व्हीआरएस, म्हणजे १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर, ही ०२जेची गाडी. तिच्यासाठी फोक्सवॅगनच्याच जी६० इंजिनाचे सिंगल मास फ्लायव्हील आणि व्हीआर६ इंजिनाचा २२८ मिमी क्लच हा जुना, नावाजलेला मेळ आहे. पण तो घेताना फ्लायव्हीलसकट घ्या. नुसती व्हीआर६ ची प्रेशर प्लेट घेऊन ती मूळ ड्युअल मासवर बसवायचा प्रयत्न करू नका. फ्लायव्हीलचे बोल्ट दर वेळी नवे लागतात: ६० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा.

विक्रेत्याकडून फोटोंपेक्षा मापे मागा. रिव्हेटची खोली (लाइनिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंत) चार ठिकाणी, व्हर्निअरने. ०.३ मिमी ही शेवटची मर्यादा. नव्या प्लेटवर खोली १.४ मिमी असेल आणि आता ०.७ असेल, तर उरलेले आयुष्य ०.४ भागिले १.१, म्हणजे ३६ टक्के. लाइनिंग नुसते ‘अर्धे’ दिसते म्हणून अर्धे पैसे देऊ नका. चार मापांत मोठा फरक असेल तर प्लेट तिरकी झिजली आहे. पॅडच्या प्लेटला रिव्हेटची खोली लागू होत नाही, तिथे एकूण जाडी विचारा आणि बनवणाऱ्याच्या आकड्याशी ताडा.

फिंगरच्या टोकांवर बेअरिंगने पाडलेली खाच ०.६ मिमीपेक्षा खोल किंवा ५ मिमीपेक्षा रुंद नको. टोकांच्या उंचीत ०.५ मिमीहून जास्त फरक नको, पण हे माप कव्हर फ्लायव्हीलवर आवळल्यावरच खरे. स्प्लाइनचे दात मोजायला सांगा. त्याहून चांगले म्हणजे स्वतःच्या जुन्या प्लेटचे हब सोबत नेऊन समोर ठेवून बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतर कुठल्याही जुन्या स्पेअर्सच्या बाजारात घेताना खिशात व्हर्निअर, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) एवढे असले तरी पुरते. पट्टी प्रेशर प्लेटवर आडवी ठेवून खाली फीलर गेज घाला. ०.१५ मिमीचे पाते सरकले तर पृष्ठभाग वाकलेला आहे.

लाइनिंग बदलून दिलेली प्लेट परफॉर्मन्स गाडीत घालू नका. चकचकीत नवे रिव्हेट, लाइनिंगवर कंपनीचा छाप नाही आणि हब मात्र जुनाट, ही तिची ओळख. ट्रकमध्ये अशी प्लेट वर्षानुवर्षे चालते. ७,००० आरपीएमला लाइनिंग फुटले तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचवरचे आवरण) फोडून बाहेर येऊ शकतात, आणि बेलहाउसिंग तुमच्या पायांच्या पुढेच असते.

मोठा दाब क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगलाही सोसावा लागतो. मित्सुबिशीच्या सात बोल्टच्या ४जी६३ इंजिनाची थ्रस्ट बेअरिंगबाबत आधीच दुष्कीर्ती आहे. अशा इंजिनात क्लच बसवण्याआधी आणि नंतर क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे मोकळी हालचाल) मोजून लिहून ठेवा. पेडल दाबल्यावर आयडल दबते आणि क्रँक पुलीची बाजू हलताना दिसते, तर क्लचचा विषय संपला, इंजिनचा सुरू झाला.

विकताना

कव्हरचे बोल्ट आडव्या-तिरक्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा फेरा असे सोडत जा. एकच बाजू पूर्ण सोडली की कव्हर वाकते आणि चांगला सेट तुमच्याच हाताने बाद होतो. सोडण्याआधी कव्हर आणि फ्लायव्हीलवर पंचने खूण करा. शक्य असेल तर फ्लायव्हील, बेअरिंग आणि बोल्टसकट पूर्ण सेट विका. तेव्हाच त्या टॉर्कच्या आकड्याला अर्थ असतो, आणि परतीचा वादही कमी होतो. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मारून प्लेट ‘नवी’ करू नका. चकाकी हीच घेणाऱ्याला उपयोगी माहिती असते.

लिहून द्यायचे ते एवढे: कोणत्या इंजिनावर आणि किती टॉर्कवर चालला, कोणत्या फ्लायव्हीलसोबत, किती किमी, ड्रॅग स्टार्ट झाले का, कशासाठी उतरवला. शिवाय रिव्हेटची चार मापे आणि पार्ट नंबरचा स्पष्ट फोटो. पाठवताना प्रेशर प्लेटच्या उघड्या लोखंडाला गंज येऊ नये म्हणून तिला कोरड्या कागदात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. तेल लावले तर घेणाऱ्याला ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायला सांगा. प्लेट वेगळ्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट. कव्हरखाली मोकळी टाकली तर कुरिअरच्या पहिल्या आपटीत हब वाकते, आणि घेणाऱ्याच्या गाडीत ती सुटत नाही.